निरोपांना सुट्टी

सोमवार, ८ जानेवारी

आमच्या घरातला रेडिओ आज बंद पडला.

रेडिओ म्हणजे आमची नात. वय वर्षं नऊ. मुलगा आणि सून कामासाठी लांब गेलेत, म्हणून वर्षभरासाठी ती आमच्याकडे आहे. नाव मीच ठेवलं. सकाळी डोळा उघडल्यापासून तोंडाचा पट्टा जो सुरू होतो तो झोपेतही थांबत नाही. आज मात्र सकाळी सव्वाआठला तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच.

झालं ते असं. मी बाल्कनीत, ही स्वयंपाकघरात. ही म्हणजे माझी बायको. आम्ही दोघं एप्रिलपासून एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे जे काही सांगायचं ते रेडिओमार्फत. पोरगी तरतरीत, कधी कंटाळा म्हणून नाही. मी म्हटलं, "आजीला सांग, खिडकी लाव, वारा झोंबतोय." ती गेली, आली. "आजी म्हणते, थोडा वारा येऊ दे, तुमच्या तब्येतीला बरा असतो." मी म्हटलं, "आजीला सांग, माझ्या तब्येतीची काळजी मी घेईन." पुन्हा गेली, आली. "आजी म्हणते, बरं, तुमचंच बरोबर." खिडकी काही लागली नाही. बरोबर म्हणायचं आणि खिडकी उघडी ठेवायची, हा कुठला न्याय? मी तसा निरोप पाठवला. ती पॅसेजमध्ये अर्ध्यावर गेली, तिथे थांबली, तोंड उघडलं, मिटलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तिकडून हीही हाका मारत होती, "अगं, त्यांना सांग..." इकडून मी. पोरगी हूं की चूं करेना.

घसा धरला असणार. काल आइस्क्रीम कोणी दिलं ते मला माहीत आहे. पण विचारणार कोणामार्फत?

बुधवार, १० जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो होतो. घसा स्वच्छ. कान स्वच्छ. जीभ तर तिने डॉक्टरांना दोनदा दाखवली, एकदा सांगितल्यावर आणि एकदा स्वतःहून.

ही डॉक्टरांना म्हणाली, "यांना सांगा, घरात आरडाओरडा कमी करा." मी डॉक्टरांना म्हटलं, "हिला सांगा, मी आरडाओरडा करत नाही, माझा आवाजच मोठा आहे." डॉक्टर एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि मग बराच वेळ रेडिओकडे बघत राहिले. हुशार माणूस आहे, पण चौकस. औषध काही दिलं नाही. एका समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला. म्हणाले, तिघंही जा.

तिघं कशाला? बंद एक जण आहे.

शाळेतून बाईंचा फोन होता. तिथेही बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करते.

शनिवार, १३ जानेवारी

केंद्र म्हणजे एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. खालून कुरकुर आवाज येतो आणि वर माणसं मनातलं बोलतात. मॅडम तरुण आहेत, पायात बूट खेळाडूंचे, त्यामुळे माझं मत लगेच चांगलं झालं. टेबल नाही. बुटक्या खुर्च्या आहेत, त्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. मी चाळीस वर्षं व्हॉलीबॉलचा पंच होतो. माझी बसायची जागा नेटच्या टोकाला, उंच शिडीवर. सगळं वरून दिसायचं. इथे खालून काहीच दिसत नाही.

एका कोपऱ्यात वाळूचा मोठा ट्रे आणि खेळणी आहेत. मॅडमनी रेडिओला एकटीला आत घेतलं आणि तासाभराने आम्हाला बोलावून तिने मांडलेलं दाखवलं. मी तर खूश झालो. पोरीने काय कोर्ट आखलं होतं! रेषा सरळ, दोन्ही बाजू समान. या टोकाला एक म्हातारा, त्या टोकाला एक म्हातारी, दोघांची तोंडं बाहेरच्या बाजूला. मधे चेंडू. मी मॅडमना सांगितलं, "नेट नाही आणि खेळाडू पाठमोरे, एवढ्या दोनच चुका. बाकी उत्तम." चेंडूला तिने स्केचपेनने डोळे काढले होते. मुलं काय, काहीही करतात.

हिने तो चेंडू उचलला आणि बराच वेळ पदराने पुसत बसली. वाळू लागली असेल.

निघताना मॅडम म्हणाल्या, "आजोबा, एक करायचं. आजपासून तिला निरोपांपासून सुट्टी. कुणी कुणाचा निरोप तिच्या हाती द्यायचा नाही. चिठ्ठीसुद्धा नाही."

घशाला विश्रांती हवी, हे मी लगेच ओळखलं.

सोमवार, १५ जानेवारी

सुट्टीचा दुसरा दिवस. फार हाल. चहात साखर नव्हती. सांगणार कोणाला? मी भिंतीकडे बघून म्हटलं, "या घरात हल्ली साखर परवडत नाही वाटतं." स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. निरोप पोचला, साखर आली नाही.

गंमत अशी की रेडिओ असताना हिचे निरोप किती गोड यायचे. "आजी म्हणते, निळा स्वेटर घाला, तुम्हाला शोभतो." "आजी म्हणते, दमलात, जरा पडा." बोलत नव्हती, पण जीव होता. आता नुसती भांडी ऐकू येतात. त्या रागात मी आठवडाभर निळा स्वेटर अंगातून काढलेला नाही.

भांडण कशावरून, ते लिहून ठेवायला हरकत नाही. एप्रिलमध्ये आमच्या इमारतीच्या अंगणात ज्येष्ठ विरुद्ध तरुण असा सामना होता. ही ज्येष्ठांची कप्तान. कॉलेजात संघाची कप्तान होती, मी तिला पहिल्यांदा बघितलं तेही शिडीवरूनच. शेवटचा गुण. हिने सर्व्हिस केली. चेंडू रेषेच्या बाहेर पडला. मी बाहेर दिला. ही म्हणते रेषेवर पडला. ज्येष्ठ हरले. निर्णय म्हणजे निर्णय. बायको आहे म्हणून मैदान रुंद होत नाही.

सोमवार, २२ जानेवारी

आज मला एकदम युक्ती सुचली. बोलायचं नाही, लिहायचं नाही, मग खुणा तर करता येतात! पंचाच्या सगळ्या खुणा हिला माझ्याइतक्याच पाठ.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि दोन हातांचा टी केला. टाइमआउट. हिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला वेड लागलंय. पण चहा आला. दुसऱ्या कपासाठी पुन्हा टी केला, तर हिने दोन्ही हात छातीवर आडवे घातले. सामना संपला! मी हसू दाबलं. पंचाने हसायचं नसतं.

दुपारी हिने दोन्ही हात एकमेकांभोवती गरगर फिरवले. म्हणजे खेळाडू बदला. या वयात बदली खेळाडू? मग हिने वर बोट दाखवलं. पॅसेजमधला दिवा गेला होता.

रेडिओ दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचे खांदे गदगदा हलत होते. आवाज मात्र नाही. म्हणजे घसा अजून तसाच.

शनिवार, २७ जानेवारी

मॅडमना खुणांचं सांगितलं. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "आणि खूण नसलेलं काही सांगायचं असेल तर?" मी म्हटलं, व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक गोष्टीला खूण आहे. त्या म्हणाल्या, "हो का?" आणि गप्प बसल्या. या बाईंची गप्प बसण्याची पद्धत फार वाईट आहे. माणसाला घरी जाऊनही ऐकू येत राहते.

रविवार, २८ जानेवारी

मुलाचा फोन. दर रविवारी येतो. रेडिओ फोन कानाला लावून नुसता श्वास घेते. तो तिकडे रडकुंडीला आलेला असतो. आज म्हणाला, "बाबा, मला सुट्टी मिळालीय. चार तारखेला येतो आणि तिला घेऊन जातो. इकडेच शाळेत घालतो. तुम्हा दोघांना त्रास नको."

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. ही दारात उभी. तिने भुवया उडवून विचारलं, काय? मी हात वर केले. दोन बोटं? चार बोटं? तळहात घासला? अंगणात एवढे सामने घेतले, पण पोरीला घेऊन जाताहेत याची खूण काही मला सापडेना. हात तसेच हवेत राहिले.

"तो तिला घेऊन जातोय," मी म्हटलं.

थेट हिलाच. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

"कधी?"

"चार तारखेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

"बरं म्हणालात? नाही म्हणायला तोंडाला काय कुलूप लागलं होतं? एरवी तर शिडीवर चढून जगाला आत-बाहेर करता!"

"आणि तू कुठे होतीस? फोन दोघांचा आहे!"

झालं. जी जुंपली ती संध्याकाळपर्यंत. फोनवरून भांडलो, आइस्क्रीमवरून भांडलो, २००१ साली घेतलेल्या कपाटावरून भांडलो. मध्येच हिने सूप केलं, ते पिताना जरा थांबलो, मग मिठावरून पुन्हा सुरू.

हे मॅडमना कसं सांगू? पोरीच्या प्रकृतीत प्रगती शून्य, आणि घरात उलट भांडण लागलं. पोरगी बिचारी एवढ्या गोंधळात गाढ झोपून गेली. सोफ्यावरच, तोंड उघडं टाकून.

बुधवार, ३१ जानेवारी

आज बोलून बोलून माझाच घसा बसला. हिच्याकडे दहा महिन्यांचं साठलेलं आहे, माझ्याकडे थोडं कमी असेल. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला, म्हणाला, "काका, सगळं ठीक ना? आवाज येतात." मी म्हटलं, "उत्तम! बायको बोलायला लागली." तो घाईने निघून गेला.

रेडिओ हल्ली आमच्यामध्ये उभी राहत नाही. आम्ही सुरू झालो की रंगांची पेटी घेते आणि आतल्या खोलीत जाते. काल आंघोळ करताना काहीतरी गुणगुणत होती असं ही म्हणते. मी म्हटलं, पाइपाचा आवाज असेल. त्यावरून पुन्हा अर्धा तास.

चार दिवस राहिले. तिची छोटी बॅग हिने माळ्यावरून काढली, पुसली आणि परत माळ्यावर टाकली. मी बघितलं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मॅडमनी खास वेळ दिली, फक्त आम्हा दोघांना. रेडिओ शेजारच्या खोलीत वाळू खेळत होती. मधलं दार उघडंच होतं, ते मॅडमनी मुद्दाम लावलं नाही असं मला आता वाटतं.

मी तक्रार मांडली. म्हटलं, "मॅडम, तोंडाने बोलते तेव्हा ही इतकी खवट, आणि निरोप इतके गोड पाठवायची. मला वाटायचं राग उतरतोय."

"मी? गोड? काय पाठवलं मी?"

"निळा स्वेटर मला शोभतो म्हणून."

"शोभतो? मी म्हटलं होतं, तो कळकट स्वेटर आधी धुवायला टाका म्हणावं, नाहीतर खिडकीतून फेकते!"

मी अंगातल्या स्वेटरकडे बघितलं.

"आणि दमलात, जरा पडा?"

"दिवसभर मधे मधे येतात, जरा एका जागी पडा म्हणावं!" मग तिचाच चेहरा बदलला. "थांबा. तुम्ही मला सांगितलं होतंत ना, माझ्या हातच्या आम्लेटची सर कुठल्याच हॉटेलात नाही?"

"मी म्हटलं होतं, यापेक्षा हॉटेलात गेलेलं बरं."

"वाढदिवसाला? जन्मोजन्मी हीच मिळावी?"

"मी झोपलो होतो गं तेव्हा. मी काहीच म्हटलं नव्हतं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग हिला हसू फुटलं, आणि मला. त्या बुटक्या खुर्चीत हसताना माणूस मागे कलंडतो. मी कलंडलो. ही मला उठवायला आली आणि माझ्या अंगावरच बसली. खालून दातांचं यंत्र थांबलं, त्यांनीही ऐकलं असणार. हसता हसता हिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"एवढीशी पोर," ही म्हणाली. "नऊ महिने आपल्याला एकमेकांशी चांगलं बोलायला लावत होती. एकटीच. दोन्हीकडून."

मला तो डोळे काढलेला चेंडू आठवला. गुण माझा का हिचा यातच आम्ही दोघं गुंतलेलो.

मॅडमनी पाणी दिलं आणि हिला विचारलं, "आजी, त्या सामन्याचं तुम्हाला काय लागलं?"

"बाहेर पडला असेल चेंडू," ही म्हणाली. मी ताडकन उठून बसलो. "असेल म्हणतेय, पडला म्हणत नाहीये! पण मी या वयात उडी मारून सर्व्हिस केली. बाकी सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. यांनी हात वर केले, बाहेर म्हणाले, शिडीवरून उतरले आणि जिंकणाऱ्यांशी हात मिळवायला गेले. माझ्याकडे एकदा बघितलं तरी का?"

"पंचाने वा म्हणायचं नसतं."

"सामना संपला होता हो. तुम्ही पंच नव्हतात तेव्हा. नवरा होतात."

यावर नियमपुस्तकात काही नाही. मी शोधलं मनातल्या मनात. मग जे होतं ते सांगितलं. "सर्व्हिस फार देखणी होती. मी तेव्हाही बघतच राहिलो होतो. बाहेर होती, पण देखणी होती."

"रेषेवर होती."

"बाहेर होती."

माझा हात खिशातल्या शिट्टीकडे गेला, आणि मी तो परत आणला. त्याऐवजी दोन्ही अंगठे वर केले. मॅडमना वाटलं छान म्हणतोय. मी त्यांना समजावलं, "ही आमची खूण आहे. म्हणजे दोघांचीही चूक. गुण कुणालाच नाही. पुन्हा खेळा."

हिने माझ्याकडे बघितलं आणि तिनेही दोन्ही अंगठे वर केले.

शेजारच्या खोलीत वाळूचा आवाज थांबला होता.

रविवार, ४ फेब्रुवारी

मुलगा सकाळी दहाला पोचला तेव्हा घरात कोणी नव्हतं. आम्ही अंगणात होतो. नेट मीच बांधलं. शिडी आणली नाही. रेडिओला म्हटलं, "तुला काही काम नाही. तू पायरीवर बस आणि मजा बघ." तिने मान डोलावली.

हिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर फेकला आणि उडी मारली. किती उंच ते सांगत नाही, पण दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. चेंडू नेटवरून आला, माझ्या हाताला न लागता मागे पडला.

"वा!" मी ओरडलो. चेंडू जमिनीला टेकायच्या आधीच.

मग वळून बघितलं. रेषेला लागून.

"आत!" ही नाचायला लागली.

"बाहेर!" मी म्हटलं. "आजीला सांग..." आणि जीभ चावली. रेडिओ आमच्या दोघांच्या मधे नव्हती. पायरीवर होती, हनुवटी गुडघ्यावर. मुलगा बॅग हातात घेऊन फाटकात उभा होता. मी दोन्ही अंगठे वर केले. हिनेही केले.

"मला भूक लागलीय," कुणीतरी म्हणालं.

आवाज थोडा घोगरा. चार आठवडे वापरला नव्हता. आम्ही सगळे जागच्या जागी. आणि माझी अक्कल बघा, सवयीने मी काय विचारावं? "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच सांगतेय. माझ्या पोटातलं आहे."

हिच्या हातातून चेंडू सुटला. मुलाच्या हातातून बॅग. आम्ही तिघंही एकदम स्वयंपाकघराकडे धावलो आणि दारात अडकलो. आम्लेट हिने केलं, चार अंड्यांचं. रेडिओने ते खाताना शाळेतलं सांगितलं, मॅडमच्या वाळूतलं सांगितलं, खुणा करताना आजोबा बदकासारखे दिसतात हे सांगितलं, बापाला त्याच्या नव्या दाढीबद्दल मत सांगितलं. तो बिचारा मध्ये बोलायला तोंड उघडायचा आणि तसंच मिटायचा. दुपारपर्यंत त्याला समजलं की बॅगेत फक्त त्याचेच कपडे परत जाणार आहेत. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वर्ष पूर्ण होऊ दे. आत्ता कुठे इथे मजा यायला लागलीय."

मी हे लिहायला बाल्कनीत बसलोय. खिडकी उघडी आहे, वारा झोंबतोय. आतून हाक आली, "अहो! तो स्वेटर काढा अंगातला, धुवायला घ्यायचाय!"

कोणाच्या हाती पाठवलेली नाही, थेट हाक. स्वेटर काढतोय.